मधातले दाणे

डॉक्टरबाईंनी पेन उचललं, तशी ताई खुर्चीच्या कडेला सरकली.

“औषध लागू पडेनासं झालंय,” त्या म्हणाल्या. “डोस वाढवून बघू.”

“वाढवा बाई,” आई म्हणाली. बेकरीतून ती तशीच उठून आली होती. बाहीला अजून पीठ होतं. “मध्यंतरी कशी शहाण्यासारखी बसायची! आता पुन्हा होती तशी. परवा दुसऱ्याच वर्गात जाऊन बसली, आणि तास संपेपर्यंत हिला पत्ता नाही!”

“तिथल्या बाई छान शिकवत होत्या,” भिंगरी म्हणाली. ती डॉक्टरबाईंच्या फिरत्या स्टुलावर गरागरा फिरत होती. तिचं खरं नाव शाळेच्या पटावरच राहिलं होतं. घरीदारी सगळे तिला भिंगरीच म्हणत.

“औषध रोज पोटात जातंय ना?”

“रोज. मी पहाटे कामावर जाते, पण मोठी देते ना. फार जबाबदार आहे हो ती.”

ताईने मान खाली घातली.

भिंगरीला कॅप्सूल गिळता येत नसे. म्हणून डॉक्टरबाईंनीच रीत शिकवली होती. कॅप्सूल उघडायची, आतले खसखशीएवढे दाणे चमचाभर मधावर टाकायचे आणि न चावता गिळायला लावायचं. एकही दाणा मागे ठेवायचा नाही. हे काम ताईकडे होतं.

ताई पशुवैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. “ते औषध तुझ्या घरात आहे?” क्लासमधली मैत्रीण डोळे मोठे करून म्हणाली होती. “अगं, घेतलं की मन पुस्तकाला चिकटतं म्हणे!” एका सकाळी ताईने दोन चमचे घेतले. अर्धे दाणे भिंगरीच्या चमच्यात, अर्धे आपल्या. एवढ्याशा जिवाला एवढं औषध कशाला, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पुढे पुढे तिच्या चमच्यात जास्त दाणे पडू लागले.

मन चिकटलं खरं, पण कुठे चिकटेल याचा नेम नसे. गायीच्या पोटाचे चार कप्पे रंगवण्यात तिची अख्खी सकाळ गेली. सराव परीक्षेत पहिलं उत्तर तिने इतकं सुरेख लिहिलं, की बाकीचे प्रश्न तसेच राहून गेले. भूक मेली, झोप उडाली. जिना चढताना छाती धडधडू लागली. तरी ती मनाशी म्हणे, परीक्षेपुरतंच.

भिंगरीला यातलं काही कळत नसावं, असं तिने गृहीत धरलं होतं. उलट हल्ली भिंगरी तिला जास्तच चिकटली होती. ताई अभ्यासाला बसली की शेजारी येऊन बसायची. आपला आवडता खोडरबरही तिने ताईला देऊन टाकला होता. “माझ्या डोक्यात बाजार भरतो,” असं ती नेहमी सांगे. “सगळे एकदम ओरडतात. बाईंचा आवाज कुठल्या दुकानातून येतोय तेच कळत नाही.” आणि हल्ली रोज सकाळी मध चाटून झाला की ती ताईकडे बघून डोळे मिचकावी.

“उठला का गं तुझा बाजार?”

“कसला बाजार? वेणी घालू दे आधी,” ताई म्हणे.

डॉक्टरबाईंनी पायाने स्टूल थांबवलं. “भिंगरे, खरं सांग हं. औषध सांडतेस? गुपचूप थुंकतेस?”

भिंगरीने ताईकडे पाहिलं. “नाही. ताई देते तेवढं सगळं घेते.”

पेन कागदावर टेकलं. ताईच्या डोळ्यांपुढे उद्याची सकाळ उभी राहिली. आता आपण एका दाण्यालाही हात लावायचा नाही असं ठरवलं, तर या एवढ्याशा पोटात एकदम केवढं औषध जाईल!

“थांबा,” ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. “औषधाचा काही दोष नाही. तिला ते पुरतं मिळतच नाही. मी घेते त्यातलं.”

आईने बाहीवरचं पीठ झटकलं. ती नुसती झटकतच राहिली.

डॉक्टरबाईंनी कागद फाडला. ताईचा हात ओढून घेतला, दंडाला पट्टा बांधून फुगवला आणि आकडा बघून ओठ आवळले. “उद्यापासून चमचा तुमच्या हाती,” त्या आईला म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात ताईला विचारलं, “तुझंही लक्ष लागत नाही का गं? अगदी लहानपणापासून? तसं असेल तर लपवू नकोस. तुलाही रीतसर तपासू.”

“नाही हो. मला काही झालेलं नाही.” ताईने बाही खाली ओढली. “मला फक्त सगळ्यांच्या पुढे जायचं होतं.”

पुन्हा फिरू लागलेलं स्टूल थांबलं. आता ही रडेल, माझं औषध चोरलंस म्हणून भांडेल, असं ताईला वाटलं. पण भिंगरी तिच्याकडे बघत राहिली. हल्ली एवढा वेळ स्थिर बसलेलं तिला कोणी पाहिलं नव्हतं.

“म्हणजे तुझ्या डोक्यात बाजार भरत नाही?”

ताईने नकारार्थी मान हलवली.

“मी तुला रोज दाराआडून बघायचे. पण कुणाला सांगितलं नाही,” भिंगरी म्हणाली. “मला वाटलं, आता आपण दोघी आहोत.”