रिकामं केसिंग

गिऱ्हाईक खोटं बोलतंय हे मला तडा बघूनच कळतं. म्हणून केडगावचे अनिमेष आपल्या जुन्या रेसिंग कारच्या इंजिनचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, घेऊन पुन्हा माझ्या नागापूरच्या वर्कशॉपमध्ये आले, तेव्हा मी आधी तडा बघितला.

ॲल्युमिनियमच्या त्या हलक्या केसिंगनं इंजिनचा जोर सोसावा म्हणून मागच्याच महिन्यात मी त्याला बाहेरून जाड पट्ट्या वेल्ड करून दिल्या होत्या. आता त्या पट्ट्यांसकट ते फाटलं होतं, आणि फाटलेल्या कडा बाहेर वळल्या होत्या.

सवयीनं मी पितळी हातोडीचे दोन ठोके दिले. धड केसिंग घंटेसारखं वाजतं. हे बद्द वाजलं.

"खरं सांगा साहेब, शर्यतीत पळवली ना गाडी? इंजिन बेफाम फिरल्याशिवाय असं फाटत नाही."

केसिंग टेबलावर ठेवून अनिमेष परत दारात जाऊन उभे होते. आत यायला तयार नव्हते.

"वैजनाथराव, इंजिन अजून जोडलेलंच नाही. हे रिकामंच फळीवर ठेवलं होतं. तुम्ही पट्ट्या फक्त आणखी जाड लावा."

माझा काडीचा विश्वास बसला नाही. मी हातोडी खिशात घातली.

तेवढ्यात टेबलावरच्या केसिंगमधून दोन ठोके आले, घंटेसारखे स्वच्छ.