मेथीच्या लेखात सासूबाई

“लेखात मधेच हे कोण बोललंय?” वेबसाइटच्या संपादकांचा मेसेज वाचून मी पाठवलेला लेख उघडून पाहिला. चार नकारांनंतर मिळालेलं हे पहिलंच काम होतं.

कणीक मळताना मी मजकूर बोलते, फोन टाइप करतो. आज घाईत न वाचताच पाठवला. मेथीच्या फायद्यांमध्ये सासूबाईही उतरल्या होत्या: “अगं, कडूपणा काढायचाच असेल, तर मेथी आणलीस कशाला?”

सासूबाईंचं बोलणं चुकून टाइप झालं, असं कळवून मी माफी मागितली. उत्तर आलं, “तेवढंच वाक्य जिवंत आहे. दर आठवड्याला लिहा, दोघी मिळून.”

मी ते मोठ्याने वाचलं. रोज “फोनशी काय बडबडतेस?” म्हणणाऱ्या सासूबाईंनी पदर सारखा केला आणि फोन जवळ ओढला.

“चालू केलंस? मग आता तू जरा गप्प बस.”