घरकर्जाची गोड बातमी

नुकुआलोफाला, एका बेटांच्या देशाच्या राजधानीत, तिथल्या मध्यवर्ती बँकेत लाविनिया सगळ्या बँकांच्या व्याजदरांची सरासरी काढायची. ज्या बँकेची कर्जं जास्त, तिच्या दराला वजन जास्त. या खेपेला घरकर्जाचा दर इतका खाली आला की तिला चूकच वाटली. तिने सर्वांत मोठ्या बँकेत फोन लावला.

"चूक नाही हो ताई. नव्या कर्जांना आम्ही दर उतरवलाय, फक्त गाजावाजा केला नाही."

म्हणजे तिचं नि तिच्या नवऱ्याचं, फेलेतीचं, महाग कर्जापायी अडलेलं घर आता उभं राहणार! पण आकडे जाहीर होईपर्यंत नवऱ्यालाही सांगायचं नाही, हा नोकरीचा नियम. ती गुणगुणतच घरी आली.

"काय गं, आज एवढी खुशीत?" फेलेतीने विचारलं.

"उद्या दहानंतर सांगते. आत्ता कुणाला सांगायचं नसतं."

फेलेतीने काय समजायचं ते समजून घेतलं आणि हळूच आईला फोन केला.

दुसऱ्या दिवशी दहाला आकडे जाहीर झाले. लाविनिया धावत बाहेर आली, तर बँकेच्या फाटकाशी फेलेती उभा, शेजारी हातात बाळाची दुपटी घेतलेल्या सासूबाई आणि गाडीत मेजवानीसाठी अख्खं भाजलेलं डुक्कर.

"अहो आई, व्याजदर उतरलाय! बाळ नाही, घर होतंय आपलं!"

 सासूबाईंनी खो खो हसत दुपटी सुनेच्या हातात कोंबली.

"मग एक खोली जास्तीची बांधा!"