टेबलाच्या कडेचं पेन

पेन टेबलावरून घरंगळलं आणि टप्पकन खाली पडलं. समोर बसलेल्या मावशीने क्षणाचाही विचार केला नाही. एका हाताने टेबल धरलं, ओठ दाताखाली दाबला, वाकून पेन उचललं, बाहीला पुसलं आणि साहेबांपुढे धरलं.

"छान," तपासणीचे साहेब म्हणाले आणि त्याच पेनाने कागदावर लिहू लागले. "वाकता येतं तुम्हाला."

मावशीला आधी कळलंच नाही. हॉस्पिटलच्या चादरी धुण्यात तिचा उभा जन्म गेला होता. ओल्या चादरींचे बोजे उचलून कंबर कामातून गेली, तेव्हा लॉन्ड्रीने तिला घरी बसवलं आणि सरकारने महिन्याची मदत सुरू केली. घरभाडं आणि औषधं त्यातच कशीबशी भागत. आता सरकारला काटकसर करायची होती, म्हणून सगळ्यांच्या कमरा नव्याने तपासायच्या होत्या. त्याच सरकारने लॉन्ड्रीच्या मालकाला करात घसघशीत सूट दिली होती. त्याला मात्र कुणी वाकून दाखव म्हटलं नव्हतं.

"अहो साहेब, तुमचं पेन पडलं म्हणून उचललं."

"तेच लिहिलंय. मदत बंद. एखादं हलकं काम बघा."

"हलकं म्हणजे कसलं?" सोबत आलेल्या मुलीने विचारलं. "रोज सकाळी हिला अंथरुणातून मी उठवते. आज इथवर यायचं तर..."

"ताई, नियम मी केलेले नाहीत. बाहेर रांग आहे."

मावशीला खुर्चीतून उठता येईना. मुलीने काखेत हात घालून तिला उभं केलं. साहेबांनी ते पाहिलं नाही. ते पेन पुन्हा टेबलाच्या कडेला ठेवत होते, अगदी टोकाशी, जपून.

मावशीने ते पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर दुसऱ्याचं पडलेलं उचलायची सवय. त्या सवयीचाच या माणसाने सापळा केला होता.

बाहेर बाकावर माणसं बसली होती. कुणाची पाठ गेलेली, कुणाचे गुडघे. पुढचा नंबर एका हमालाचा होता.

"दादा," मावशी त्याला म्हणाली, "आत साहेबांचं पेन पडेल. उचलायचं नाही."

"पडेल म्हणजे?"

"पडणारच. आपण नुसतं बसून राहायचं."

हे साऱ्या बाकाने ऐकलं. हमाल आत गेला आणि दार त्याने मुद्दाम उघडंच ठेवलं.

टप्प.

कुणी हललं नाही. साहेब खाकरले.

"पेन पडलं," ते म्हणाले.

"हो, पाहिलं मी," हमाल म्हणाला.

साहेबांनी घंटी वाजवली. शिपाई आला नाही. त्याची जागा मागच्याच काटकसरीत गेली होती. थोड्या वेळाने खुर्ची करकरली आणि आतून साहेबांचं "आई गं" ऐकू आलं.

बाकावर कुणी हसलं नाही. मावशी भिंतीला धरून उभी होती. आत नीट ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"वाकता येतं की त्यांना. करा म्हणावं पगार बंद."