डोळ्यांची उंची

"हे चित्र तुझं नाही, भक्ती," विष्णुपंत म्हणाले.

विष्णुपंतांच्या घराच्या ओसरीवर चित्रकलेचा वर्ग भरला होता. रविवारच्या वर्गातली पोरं हातातले खडू खाली ठेवून भक्तीकडं बघायला लागली. ती चटईच्या टोकाला बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"माझंच हाय, सर."

विष्णुपंत चिडले नव्हते. सेलूच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि पोरांवर चिडून हाती काही लागत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी शेजारचा तांब्या उचलला.

"सगळ्यांनी बघा. तांब्या डोळ्यांच्या बरोबर समोर धरला की त्याच्या तोंडाची नुसती रेघ दिसते. खाली नेला की तोंड उघडतं, आतलं पाणी दिसतं. आणि वर नेला की?"

"बूड!" महारुद्र ओरडला.

"शाब्बास. म्हणून चित्र बघितलं की काढणाऱ्याचे डोळे किती उंचीवर होते ते कळतं. बाकी सगळं लपवता येतं, ते नाही. आता हे बघा."

चित्र स्वयंपाकघराचं होतं. 'आपल्या घरातली एक जागा' हा विषय विष्णुपंतांनीच दिला होता. त्यातून एकच चित्र परभणीच्या प्रदर्शनात जायचं होतं. भक्तीचं सगळ्यांत सरस होतं, आणि गोम तिथंच होती. ओटा, गॅस, कणकेची परात, खिडकी. सगळ्या रेषा दूरच्या एका बिंदूकडं शहाण्यासारख्या निघाल्या होत्या. पण ओट्यावरच्या फळीवर मांडलेल्या डब्यांची झाकणंसुद्धा वरून दिसत होती.

ओसरीच्या खांबावर प्रत्येक मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला पेन्सिलीची खूण केलेली असे. ही विष्णुपंतांची जुनी पद्धत. त्यांनी भक्तीला खांबाशी उभं केलं.

"तुझे डोळे इथं आहेत. इथून तुला त्या फळीची खालची बाजू दिसेल, डब्यांची झाकणं नाही दिसणार. हे मोठ्या माणसाचं बघणं आहे, बाळा. कुणी काढून दिलं?"

भक्तीनं एकदा पोरांकडं बघितलं.

"घरी कोण असतं?"

"बाबा कापसाच्या जिनिंगवर कामाला जातेत. आई असती घरी."

चित्राच्या कोपऱ्यात हळदीचा डाग होता. विष्णुपंतांनी तो बघितला आणि त्यांना जे कळायचं ते कळलं.

"आईचा हात छान आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पण शिकायचं तुला आहे ना?"

"सर, मंग हिच्या आईचंच नाव घाला की वर्गात!" बालाजी म्हणाला. पोरं खिदळली.

विष्णुपंतांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मग तांबडी पेन्सिल घेऊन, पट्टी लावून, चित्रावर एक आडवी रेघ ओढली. "तुझी क्षितिजरेषा, म्हणजे डोळ्यांची उंची, इथं पाहिजे. ही धरून पुन्हा काढ."

रेघ बघून भक्तीचे डोळे भरले. "सर, चित्र द्या. तुम्ही तपासल्यावर आईला दावायचंय."

"आईनं काढलेलं आईला काय दाखवायचं?"

पुन्हा हसू फुटलं. भक्तीनं पिशवी उचलली आणि ती पायऱ्या उतरून गेली. वर्ग सुटायला अवकाश होता. पण ती नेहमीच अशी लवकर जायची.

"लेकराला चार पोरांत असं बोलायचं?" दुपारी ताट वाढताना विष्णुपंतांच्या पत्नी प्रभावती म्हणाल्या.

"अगं, खोटं रेषेत दिसतं."

"मग जाऊन तिच्या आईशी बोला. रेषेशी काय बोलत बसलात?"

ऊन उतरल्यावर चित्र पिशवीत घालून विष्णुपंत निघाले. जिनिंगमागच्या गल्लीत विजेच्या तारांना कापसाचे पुंजके लोंबत होते. घराचं दार उघडंच होतं. त्यांना बघून भक्तीचा चेहरा उतरला.

"कोण हाय गं?" आतल्या खोलीतून, पडद्यामागून बाईचा आवाज आला.

"चित्रकलेचे सर आलेत."

"आगं बाई! बसा, सर, बसा. ही लय सांगती तुमचं. तांब्याचं तोंड कसं उघडतं, कसं मिटतं. मला बी शिकवलंय तिनं."

पडदा हलला नाही. परक्या पुरुषासमोर येत नसतील, असं समजून विष्णुपंत पडद्याशीच बोलले.

"ताई, राग मानू नका. तुमचा हात फार चांगला आहे. पण लेकराची चित्रं लेकरालाच काढू द्या."

 मग बाई हसल्या. "माझा हात? आवो सर, मला सरळ रांगोळी येत न्हाई कधी. थट्टा करता का माझी? भक्ते, सरांना च्या टाक."

मुलीसमोर कबूल करायला अवघड वाटत असेल. विष्णुपंतांनी चित्र पिशवीतून अर्धं बाहेर काढलं. दाखवूनच बोलावं.

भक्तीनं त्याच खोलीतल्या ओट्याखालून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा ओढला, पालथा घातला आणि न बघता त्यावर चढली. गॅस पेटवला, पातेलं ठेवलं. मग समोरच्या फळीवरच्या डब्याचं झाकण उघडून तिनं वरूनच साखर बघितली.

विष्णुपंतांचा हात तांबड्या रेघेवर तसाच राहिला.

"सर, चित्र आणलं असलं तर इथं उशाशी आणून दावा की," पडद्यामागचा आवाज म्हणाला. "पाडव्याला पडले, तवापासून माझा ओटा बघितला न्हाई मी. म्हणून हिला म्हणलं, मी उभं राहून बघायची ना, अगदी तसा काढून आण."