पाटावरचा साहेब

वॉचमनने सहदेवच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं आणि "या, या" म्हणत त्याला चक्क आत घेतलं. हाच वॉचमन वर्षभर त्याला फाटकावरून पिटाळत होता. पण आज सव्वीस जानेवारी. मुलुंडच्या या पंपांच्या कारखान्यात सत्यनारायण होता, आणि तीर्थप्रसादाला आलेल्या माणसाला अडवायची कुठल्या वॉचमनची छाती आहे?

सहदेवने वर्षभरात काय केलं नव्हतं! टाइप केलेले एक्केचाळीस अर्ज पोस्टाने धाडले. मॅनेजरसाहेबांच्या गाडीमागे धावला, तर गाडीच्या काचेवर पडदा. भांडुपच्या एका पुढाऱ्याची चिठ्ठी आणली, ती वॉचमननेच वाचली आणि परत दिली. मे महिन्यात गावच्या आंब्यांची पेटी घेऊन साहेबांच्या घाटकोपरच्या घरी गेला. गड्याने पेटी आत घेतली आणि सहदेवला बाहेर ठेवलं. साहेबांचं तोंड त्याने अजून पाहिलंच नव्हतं.

आणि आता दिवस थोडे उरले होते. संपात वडिलांची गिरणी बंद पडली ती पडलीच. शिमग्यापर्यंत सहदेवला नोकरी लागली नाही, तर भांडुपची खोली सोडून सगळ्यांनी मालवणची वाट धरायची, असं वडिलांनी ठरवून टाकलं होतं. आयटीआय पास झालेला टर्नर गावी जाऊन काय करणार, नारळ सोलणार?

आजची युक्ती बाळमामाची. "अरे, सायब पूजेक बसलो की तेका उठाक गावना नाय," मामा म्हणाला होता. "तेवाच गाठ तेका. देवासमोर नाय म्हणाक जीभ रेटाची नाय तेची."

मशीन शॉपच्या मधोमध केळीचे खांब उभे होते. पाटावर सोवळं नेसलेला पुरुष, शेजारी हातभर हिरवा चुडा घातलेली त्याची बायको. साहेब इतका तरुण असेल असं सहदेवला वाटलं नव्हतं. पण मोठ्या माणसांना खायला-प्यायला चांगलं मिळतं, वय दिसत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

कथेत साधुवाण्याची नौका बुडाली आणि भटजी पाणी प्यायला थांबले. सहदेव पुढे झाला. आधी देवाला साष्टांग नमस्कार घातला, मग तसाच सरकत जाऊन त्याने पाटावरच्या माणसाचे गुडघे धरले.

"साहेब, मी सहदेव मेस्त्री. टर्नर आहे. एक मशीन द्या हाताखाली. काम नाही आवडलं तर लाथ मारून हाकला!"

तो माणूस गोरामोरा झाला. भटजींनी डोळे वटारले. पण साहेब अर्ध्या कथेतून उठणार कसा? बाळमामा पक्का बेरकी, सहदेव मनात म्हणाला, आणि खुशीत मागे जाऊन बसला.

आरती झाल्यावर तो माणूस स्वतःच त्याच्याजवळ आला.

"अहो, मी साहेब नाही. स्टोअरमध्ये क्लार्क आहे. गेल्या महिन्यातच लागलो."

"मग पाटावर कसे?"

"इथे पूजेला नवं जोडपं बसवतात. साहेब तर झेंडावंदन करून सकाळीच गेले."

म्हणजे साष्टांग नमस्कार फुकट गेला! मग एकदम त्याच्या डोक्यात दुसराच विचार आला. हा पठ्ठ्या गेल्या महिन्यात लागला? म्हणजे जागा होती!

"तुम्ही कसे चिकटलात हो? अर्जाने, की चिठ्ठीने?"

"अर्ज कसला?" त्या माणसाने डोळ्यांनीच बायकोकडे खूण केली. ती शेजारी उभी राहून तीर्थ वाटत होती. "ही साहेबांची थोरली मुलगी."

लाजबीज सगळी गुंडाळून ठेवून सहदेवने हळूच विचारलं, "साहेबांना आणखी एखादी मुलगी आहे का हो?"

उत्तर बायकोने दिलं. सहदेवच्या ओंजळीत तीर्थाची पळी रिती करत ती म्हणाली, "आहे ना, धाकटी. पण बाबा म्हणतात, या वेळी नोकरीवालाच बघायचा."