मोत्यातली खिडकी

"मोती म्हणजे बाईचं शील. चित्रात ते ठसठशीत दिसलं पाहिजे," असं बजावत काउंट उगोलोत्तोने नव्या बायकोच्या, बियांकाच्या, गळ्यात पहिलीची माळ घातली. याच माळेने त्याने पहिलीचा गळा आवळला होता. फेरारातले लोक मात्र ती तापाने गेली असंच समजत होते.

चितारी तादेओ मोत्यांवर खिडकीचा उजेड रंगवत होता. काउंट वाकून बघायला गेला आणि थबकला. चित्रातल्या मधल्या टपोऱ्या मोत्यात, खिडकीपाशी, एक बाई उभी होती.

"ही कोण भवानी काढलीस?"

"मला काय ठाऊक, सरकार? मोत्यात दिसतं तेच मी काढतो."

काउंटने गर्रकन वळून पाहिलं. खिडकीत कुणीच नव्हतं.

"पूस तिला! आत्ताच्या आत्ता!"

तादेओने निमूटपणे फडकं फिरवलं. बाई गेली.

"मेली तरी छळतेय सटवी," काउंट पुटपुटला आणि हसला. हसता हसता त्याला ठसका लागला. तो काही केल्या थांबेना.

बियांकाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिचा हात आपसूक स्वतःच्या मोकळ्या गळ्याकडे गेला.

"अहो," ती म्हणाली, "माझी माळ तुमच्या गळ्यात कशी?"